हातांना शून्य

"पहिल्या फॉर्मात तुमच्या हातांना शून्य लागलंय, ताई," अदिती कागद चाळता चाळता म्हणाली, आणि मृणालीने आपसूक आपल्या हातांकडे पाहिलं. हात मांडीवर होते. भरलेले, गुळगुळीत, नखांना परवाच लावलेलं मेंदी रंगाचं नेलपॉलिश. आग मानेवर आली, पाठभर पसरली, डाव्या कानाची पाळी घेऊन गेली, पण हातांच्या वाटेला गेली नाही. मनोज गमतीत म्हणायचा, हाताचं मॉडेलिंग कर, बांगड्यावाले पैसे देतील. नवऱ्यांना गंमत सुचते तेव्हा समजावं की त्यांना दुसरं काही सुचत नाहीये. घराखालच्या कारखान्यात लूम चालू होते, सगळ्या इमारतीला त्यांचा ठोका होता, आणि टिपॉयवरच्या पाण्याच्या पेल्यात त्या ठोक्याने बारीक वर्तुळं उठत होती. "हातांना?" मृणाली म्हणाली. "माझ्या हातांना तर काहीच झालं नाही, मॅडम." "तेच ना," अदिती म्हणाली. "चूक आहे ती. पहिला फॉर्म मेघालीने भरला होता, ती नवीन होती, नंतर सोडूनही गेली. तुम्ही इथे एक सही करा. पहिला फॉर्म रद्द केला की बाकीचे नीट जुळतात."

अदिती ब्राह्मण आळीतली. घरात तीन पिढ्या कारकुनी झालेली आणि ती तिच्या अक्षरात उतरलेली. रकान्याबाहेर कधी रेघ जायची नाही. भाजून वाचलेली माणसं पुढे कशी जगतात हे मोजायचं काम तिच्याकडे होतं. दोन वर्षांत सहा वेळा यायचं, तेच चाळीस प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला शून्य ते चार गुण द्यायचे. अजिबात जमत नाही, शून्य. सहज जमतं, चार. बटण लावता येतं का. उन्हात गेलं की त्रास होतो का. आरशात बघावंसं वाटतं का. नवऱ्याजवळ जाताना संकोच वाटतो का, हे विचारताना अदिती स्वतःच लाजायची आणि कागदात तोंड घालायची. मृणालीला सुरुवातीला ह्या सगळ्याचा राग यायचा. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे ती वाट बघायला लागली. एवढं बारकाईने तिला दुसरं कुणी विचारत नव्हतं. येणारे जाणारे "आता बरीयेस ना?" एवढंच विचारायचे, आणि उत्तर आधीच ठरवून आलेले असायचे.

सही करायला तिने कागद ओढला. पेन हातात घेतलं. सही करायच्या जागेवर काही वाचायचं नसतंच, पण रद्द करायची गोष्ट माणूस एकदा बघून घेतो. वर तिचं नाव होतं, मृणाली मनोज भोईर, वय एकोणतीस, दाखल झाल्याचा अकरावा दिवस. अकराव्या दिवशी ती काचेच्या खोलीत होती. घशात नळी होती. तिला त्या दिवसातलं एवढंच आठवत होतं की छतावर एक पंखा होता आणि तो बंद होता. मग ही उत्तरं दिली कुणी? मेघालीने प्रत्येक उत्तरापुढे शेऱ्याचा रकाना भरला होता. बाकी कुणी भरत नाही तो. नव्या माणसाला वाटतं, सांगितलेलं सगळं लिहायला हवं. "ताटातलं हाताने खाता येतं का?" शून्य. शेरा: नवरा भरवतो. मृणालीला हसू आलं. मनोज आणि भरवतो! तो काचेबाहेर उभा राहून मोबाइल बघायचा, आणि त्याचं तरी काय चुकलं, काचेआड बघवत नव्हतं. "केस विंचरता येतात का?" शून्य. शेरा: अकरा दिवस केसांना हात न्हाय. मृणालीचे केस तर तेव्हा कापूनच टाकले होते. "भाकरी, पोळी करता येते का?" शून्य. शेरा: तांदळाची भाकर थापता येनार न्हाय आता.

तिचं पेन थांबलं. तांदळाची भाकरी तिने आयुष्यात धड थापली नव्हती. पाण्याचा हात लावून, दोन तळव्यांमध्ये फिरवत फिरवत ती मोठी करायची, तिथे तिची नेहमी फाटायची, आणि आक्का म्हणायची, "सुकल्या चिखलाला भेग पडते तशी तुझी भाकर, पोरी." आक्का म्हणजे आई. सगळं खारबाव गाव तिला आक्का म्हणायचं म्हणून मृणालीही म्हणायला शिकली. आक्काची भाकरी चंद्राएवढी व्हायची, हातातल्या हातात, पोळपाट नाही, लाटणं नाही. तव्यावर टाकताना एकदाच थप्प असा आवाज. मृणाली लग्न होऊन भिवंडीत आली, मनोजची गोडाऊनमध्ये सुपरवायझरची ड्युटी, सकाळचा डबा, पोळ्या पोळीवाल्या बाईकडून. आणि त्या भाकरीच्या शेऱ्यातला तो "न्हाय" शाईत उठून दिसत होता. इस्पितळात "न्हाय" कोण म्हणणार? वॉर्डाबाहेरच्या बाकावर कोण बसून असायचं अकरा अकरा दिवस?

"ताई?" अदिती म्हणाली. "एक मिनिट," मृणाली म्हणाली.

ती सगळी दुपार तिला माहीत होती आणि माहीत नव्हतीही. भाविकची, म्हणजे धाकट्या भावाची हळद. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, गाव जेवायला. बायकांना एकसारख्या साड्या हव्याच, आणि बाबांचे स्वतःचे बारा लूम, मग साड्या बाहेरून कशाला? साठ साड्या घरच्या लूमवर निघाल्या. हळदी रंगाच्या, पॉलिस्टर, चकचकीत. रंग आक्काने पसंत केला. स्वतः मात्र ती जुनं सुती लुगडंच नेसून मांडवामागच्या चुलींपाशी बसली, कारण वडे तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हते. चार वाजले असतील. मृणाली वड्यांची परात उचलायला वाकली, पदर मागे चुलीत गेला. पुढचं तिला दुसऱ्यांनी सांगितलं. भाविकने गोणपाट टाकलं, कुणी पिंप ओतलं. सगळे हेच सांगायचे, गोणपाट आणि पिंप. पण तिच्या पाठीला आणखी एक गोष्ट आठवत होती, जी तिने कधी कुणाला बोलून दाखवली नाही, कारण ती खुळ्यासारखी होती. गोणपाटाच्या आधी तिला कुणीतरी मारत होतं. दोन्ही हातांनी, सपासप, भाकरी थापावी तसं पाठीवर. तेव्हा तिच्या मनात आलेलं होतं, मला का मारतायत? इस्पितळात डॉक्टरने सांगितलं की ते कापड पेटत नाही नुसतं, वितळतं आणि जिथे लागेल तिथे चिकटतं. ज्याला लागेल त्याला.

तिने पुढचा प्रश्न वाचला. "रात्री झोप लागते का?" एक. शेरा: डोळा लागला की पिवळं दिसतं. "घरच्यांना तुमचा भार वाटतो का?" अदितीच्या भाषेत हा मनाचा विभाग. शेरा: कोनाला सांगितलंच न्हाय. सांगितलं तर मना घरी धाडतील, पोर आतमधी हाय.

म्हणजे मेघालीने बाहेर येऊन नाव पुकारलं असणार. मृणाली भोईर कोण? आणि आक्का उठली असणार, कारण त्या नावाला त्या बाकावर उठणारं दुसरं कोण होतं? हाताला चिंध्या गुंडाळलेली बाई. भाजलेल्यांच्या वॉर्डात पहिल्यांदा आलेली मुलगी वर बघत नाही, कागदाकडे बघते. वय फाइलवरून उतरवलं असेल. आणि मग तिने विचारलं असेल, तुम्हाला झोप लागते का, तुम्हाला हाताने जेवता येतं का. आक्का काही मूर्ख नव्हती. तिला समजलं असेल की हे पोरीबद्दल विचारायचंय. पण अकरा दिवसांत जो आला त्याने पोर कशी आहे हेच विचारलं होतं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसून, पेन घेऊन, तुमचं काय म्हणून विचारत होतं. चाळीस प्रश्न. आक्काला साठ वर्षांत मिळून कुणी चाळीस प्रश्न विचारले नसतील. मृणालीनेही नाही. मृणालीने तर नाहीच.

कारण मृणालीचा हिशोब वेगळाच चाललेला होता. तीन महिन्यांनी इस्पितळातून सुटल्यावर ती चार महिने खारबावला माहेरी होती. नव्या कातडीला दिवसातून तीनदा तेल लावायचं, चोळायचं, मग ते घट्ट दाबाचं जाकीट चढवायचं. हे सगळं उन्नती करायची, नवी वहिनी, जिचं लग्न शेवटी गणेशपुरीच्या देवळात चार माणसांत झालं आणि जिने एका शब्दाने कधी काही काढलं नाही. परक्या घरातून आलेली पोर उघड्या पाठीवर हात फिरवत होती आणि आई दारात उभी. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. "मानेखाली लाव अजून. तिथं सुकलंय बघ." एवढंच. आत यायची नाही. नवी सून आली आणि म्हातारीने चूलही सोडली, जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची, बाबांबरोबर, मागच्या पडवीत. हातांना काय झालं म्हणून एकदा विचारलं तर म्हणाली, वात धरलाय. मृणालीने पुढे विचारलं नाही, कारण तिला उत्तर माहीत होतं. ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. घरी येऊन चार दिवस झाले असतील. दुपारी पालथी झोपली होती, पाठीत एकदम चरचरलं म्हणून जागी झाली. चादरीवर रक्ताचे ठिपके, आणि आक्का भिंतीला टेकून उभी, हात पदरात कोंबलेले, तोंड फिरवलेलं. त्या फिरवलेल्या तोंडावर जे होतं ते मृणालीने वाचलं. किळस. आईला माझी किळस येते. हे एकदा मनात बसलं आणि मग रोज त्याला पुरावा मिळत गेला, कारण पुरावा शोधणाऱ्याला तो मिळतोच.

आणि तिसऱ्या फॉर्मच्या वेळी तिने ते सांगितलं. अदिती खारबावला आली होती. तेविसावा प्रश्न होता, जवळच्या माणसांना तुमच्या त्वचेची किळस वाटते असं तुम्हाला वाटतं का? आक्का आत स्वयंपाकघरात होती हे मृणालीला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तिने आवाज चढवला. "हो. खूप. माझ्या आईला." आत भांडं पडल्याचा आवाज झाला, पाणी सांडल्याचा. त्या आवाजाने मृणालीला किती बरं वाटलं होतं! अदितीने शून्य लिहिलं, व्यवस्थित, रकान्याच्या मधोमध. नंतर मृणाली भिवंडीला निघून आली आणि परत माहेरी राहायला गेली नाही. आक्का दोनदा आली. एकदा भाजी घेऊन, एकदा नुसतीच. सोफ्याच्या कडेवर बसली, हात पदरात, चहाला नको म्हणाली. कप धरता येणार नव्हता म्हणून नको म्हणाली असेल. हे आत्ता, ह्या क्षणी सुचत होतं. तेव्हा मृणालीला वाटलं, माझ्या घरचा चहाही नको झालाय हिला.

ती उठली आणि मोबाइल घेऊन खिडकीशी गेली. लूमचा आवाज तिथे जास्त येत होता, पण अदितीसमोर बोलायचं नव्हतं. बाबा तिकडे नेहमीप्रमाणे पहिल्या रिंगला नाही, सातव्या रिंगला उचलणार. केसरीनाथ तरे, बारा लूम, तीन गोडाऊनची जागा, गावात ज्यांच्यापुढे कुणी मोठ्याने बोलत नाही असा माणूस. तो बायकोला भरवत होता म्हणे.

"बाबा, आक्काचे हात भाजले होते?"

 तिकडे खाकरणं. "तुना कोनी सांगितलं?"

"भाजले होते का?"

"तुझं कापड इझवलं तिनं हातानी. गोनपाट येईपरत. ते चिकाटलं तिच्या हाताना. गावच्या डॉक्टरनं पट्टी केली, मग ती काय परत गेलीच न्हाय दाखवाया. बोलली, मी इथून हलनार न्हाय, माझी पोर काचेत हाय. मना शपथ घातली व्हती. पोरीला कलू देव नका. तिला वाटंल आपल्यापायी आयचे हात गेले. तिला आधीच काय कमी हाय का?"

"मग मला एकदाही हात लावला नाही ते?"

"लावला व्हता. तू घरी आल्यावर चार दिसांनी. तू निजली व्हतीस. ती तेल घेऊन बसली तुझ्यापाशी. हात फिरवला नं तुझी नवी कातडी सोलटली. तिच्या हाताला कायच कलत न्हवतं, पोरी. दगडासारखे झालते. रगत दिसलं तवा समजलं तिला. मागच्या पडवीत येऊन माझ्यापुढं रडली. बोलली, मी माझ्या हातानी पोरीला सोलली. त्या दिसापासून हात पदरात घातले, ते भायेर काढले न्हाय."

मृणालीने फोन बंद केला की तो आपोआप बंद झाला, तिला समजलं नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी कापडाचे ताके वाळत घातले होते. मान वळवली की कातडी ओढायची म्हणून ती नेहमी सगळ्या अंगानेच वळायची. आत्ता ती वळलीच नाही. तिला आक्का गेली तो दिवस दिसत होता. सात महिन्यांपूर्वी, भर दुपारी, दाराच्या उंबऱ्यात बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. नवऱ्यामागे राहिली नाही म्हणून बायका तिला भाग्याची म्हणत होत्या. सवाष्ण गेली, तिला न्हाऊ घालायचं, हळद लावायची, हिरवी साडी नेसवायची. उन्नतीने हाक मारली, "ताई, या ना. आईंना हळद लावा. लेकीचा हात आधी लागायला पायजेल." मृणाली दारात उभी होती. ओढणीत हात गुंडाळून. म्हणाली, "मला हळदीचा वास सहन होत नाही." ते खोटं नव्हतं. सगळ्यांनी मानलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, बिचारी, हळदीच्या दिवशीच जळली ती. पण खरं कारण तिला ठाऊक होतं आणि ते दातांखाली धरून ती उभी होती. तू मला लावला नाहीस, मी तुला लावणार नाही. फिटंफाट. "ताई, आईंचे हात बघा ना कसे..." उन्नती काहीतरी म्हणत होती, तेव्हा मृणाली मागच्या अंगणात निघून गेली. आणि महिन्याभराने अदिती पाचवा फॉर्म घेऊन आली, तेविसावा प्रश्न विचारला, तेव्हा मृणाली म्हणाली, "आता कोणी नाही." शून्याचे चार झाले. अदिती खूश झाली होती. "खूप छान सुधारणा आहे, ताई." मृणालीने तिला त्या दिवशी लाडूही दिला होता.

ती परत येऊन बसली. अदितीने पेला पुढे सरकवला. मृणाली पाणी प्यायली नाही. पहिल्या फॉर्मचं शेवटचं पान उलटलं. चाळीस प्रश्नांनंतर एक मोकळी जागा असते, अजून काही सांगायचंय का? पुढच्या चार फॉर्मांत मृणालीने तिथे रेघ मारली होती. ह्या पहिल्यात मेघालीने घाईघाईत, तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: हात बरे झाले की पोरीला तेल लावायचं हाय. बाकी काय न्हाय.

मृणालीने ते वाचलं. परत वाचलं. मग तिला रडू आलं, आणि रडताना मान खाली घालता येईना, कातडी तेवढी सुटत नव्हती, म्हणून ती ताठ बसून, समोर बघत, तोंड उघडं टाकून रडली. अदिती गांगरून गेली. तिच्या कागदांत ह्याला रकाना नव्हता. ती उठली, उगाच पंखा वाढवला, परत बसली.

"मॅडम," बऱ्याच वेळाने मृणाली म्हणाली, "रद्द केलेल्या कागदांचं काय करता?"

"ऑफिसात फाडून टाकतात."

"मग हा नाही रद्द करायचा. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, ते करा. ते सगळे खोटे आहेत. हा एकच खरा आहे."

"ताई, तसं नाही करता येत. हा राहिला तर तुमची सगळी फाइलच बाद होईल, दोन वर्षांची. तुमचे हात..."

"माझे नाहीत ते. माझ्या आईचे आहेत. तुळजा केसरीनाथ तरे. तिचं नाव घाला वर."

"त्यांची नोंदणीच नाहीये आमच्याकडे," अदिती हळूच म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने तो पहिला फॉर्म उचलला, घडी घातली आणि मृणालीच्या हातात दिला. तिच्या तीन पिढ्यांत कुणी असं केलं नसेल.  खाली लूम ठोकत होते. शेवटी अदितीने सहावा, शेवटचा फॉर्म पुढे घेतला, कारण दुसरं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. "नंतर येऊ का?" तिने विचारलं. "नको. विचारा," मृणाली म्हणाली. "हाताचेच प्रश्न आधी आहेत, ताई." "विचारा."

"बटण लावता येतं?" येतं. चार. "भांडं धरता येतं?" येतं. चार. "सही करता येते?" येते. चार. मृणाली प्रत्येक उत्तराबरोबर आपल्या हातांकडे बघत होती. एकही डाग नाही. बोटं वळत होती, मिटत होती, गरम काय, गार काय, खरखरीत काय, सगळं त्यांना समजत होतं. "दुसऱ्या माणसाला हाताने आधार देणं, त्याची सेवा करणं जमतं?"

"शून्य," मृणाली म्हणाली.

अदितीने वर पाहिलं. "पण ताई, तुमचे हात तर..."

"शून्य लिहा."

"शेऱ्यात काय लिहू?"

शहरात आठ वर्षं काढून कमावलेली सगळी भाषा मृणालीच्या तोंडातून गेली.

"लिवा, हात चांगले हायत. आक्काला लावले न्हाय."